तापांतलें भान : मेंदूज्वराच्या ओळखीचा इतिहास



आपल्या घरांतील जुन्या बायका तापकऱ्याच्या उशाशीं बसल्या म्हणजे दोन गोष्टी पाहत. कपाळावर हात ठेवून अंग किती तापलें आहे तें पाहत, आणि नांवानें हांक मारून रोगी ओळखतो कीं नाहीं तें पाहत. तो भलतेंच बडबडूं लागला, घरच्या माणसाला परका समजूं लागला, तर त्या हलक्या आवाजांत म्हणत, "याला वात झाला." हा शब्द कानीं पडतांच घराचा रंग पालटे, हातांतलें काम टाकून कोणीतरी वैद्याकडे धांवत जाई. आपल्या जुन्या वैद्यकांत सन्निपातज्वराच्या वर्णनांत प्रलाप, तंद्रा व भ्रम हीं लक्षणें आलीं आहेत. त्या बायकांनीं ग्रंथ वाचले नव्हते. परंतु साधा ताप निराळा आणि माणसाचें भान हरपविणारा ताप निराळा, हा भेद त्यांना ठाऊक होता. आज मी जो इतिहास सांगणार आहें, तो याच भेदाचा आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी धरली आणि आयुष्याचीं पस्तीस-छत्तीस वर्षें खडूफळ्याच्या संगतींत घालविलीं. इतिहास हा माझा शिकविण्याचा व वाचनाचा विषय. तेव्हां रोगावर औषधें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. मात्र एका रोगाला माणसांनीं कसें ओळखलें, हें सांगतां येईल. आणि तें सांगण्यास माझ्याजवळ एक खासगी कारणहि आहे.

१९९० च्या सुमारास मी पूर्व विदर्भांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. मुलूख धानाचा, शाळेच्या मागच्या भिंतीला बांध्या लागलेल्या. भाद्रपदांतील एका सकाळीं चौथीच्या वर्गांतला एक मुलगा पाढा म्हणतांना मध्येंच थांबला आणि माझ्याकडे पाहून हंसूं लागला. मुलगा हुशार, आदल्या दिवशीं अंगांत कणकण होती म्हणून घरीं राहिलेला. मीं लिहावयास सांगितलें तर त्यानें पाटी उलटी धरली व पेन्सिल टाकून दिली. मला वाटलें, पोर चढेल झालें. मीं त्याला कोपऱ्यांत उभें केलें. अर्ध्या तासानें तो तेथेंच कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेंस आला. निरोप जातांच त्याची आई धांवत आली आणि म्हणाली, "गुरुजी, सकाळी यानं मला 'तू कोण' म्हणून विचारलं होतं. मला वाटलं, झोपेत आहे." गांवांत कोणी म्हणालें, बाहेरचें आहे, भगताला बोलवा, कोणी म्हणालें, तालुक्याला न्या. या वादांत दुपार गेली. शेवटीं ट्रॅक्टरवर घालून त्याला तालुक्याला, व तेथून जिल्ह्याच्या रुग्णालयांत नेलें. मुलगा वांचला. परंतु तो शाळेंत परत आला नाहीं. अक्षरें आणि पाढे त्या तापांत पुसून गेले होते. त्याला कोणता विषाणु बाधला होता, याचा शोध त्या वेळीं लागला नाहीं. मला मात्र पुढें कळून आलें कीं, रोगाची खूण त्या सकाळीं दोनदां दिसली होती, एकदां त्याच्या आईला व एकदां मला; आणि आम्हां दोघांपैकीं कोणालाहि ती ओळखतां आली नाहीं.

आतां हा रोग म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. कवटीच्या आंत मेंदूभोंवतीं पातळ आवरणें असतात. सूज त्या आवरणांना आली तर डोकें असह्य ठणकतें, मान ताठते, उजेड सोसत नाहीं. सूज खुद्द मेंदूला आली तर माणसाचें भान, बोलणें, ओळख, वागणूक व चालणें बिघडतें. पुष्कळदां दोन्ही प्रकार एकत्र असतात. आपल्याकडे या सर्वांना मेंदूज्वर असेंच म्हणतात. याचीं कारणें अनेक, आणि त्यांत विषाणूंचा वांटा मोठा. विषाणु इतका सूक्ष्म कीं साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं तो दिसत नाहीं. त्यामुळें या रोगाच्या इतिहासांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां घडलेली दिसते. रोग प्रथम ओळखला गेला तो रोग्याजवळ बसून त्याच्याकडे नीट पाहणाऱ्या माणसाकडून. प्रयोगशाळा मागाहून आली, कधीं दहा वर्षांनीं तर कधीं चाळीस वर्षांनीं.

पहिलें उदाहरण व्हिएन्ना शहराचें. पहिलें महायुद्ध चालू होतें. तेथील मनोविकार व मज्जाविकारांच्या दवाखान्यांत कॉन्स्टान्टिन फॉन एकॉनोमो नांवाचा डॉक्टर काम करीत होता. त्याच्याकडे कांहीं रोगी असे आले कीं, ज्यांच्या चिठ्ठ्यांवर निरनिराळ्या रोगांचीं नांवें होतीं. परंतु त्यांचीं दुखणीं पाहतां तीं एकमेकांसारखीं होतीं आणि चिठ्ठीवरील कोणत्याहि नांवाशीं नीट जुळत नव्हतीं. ताप, डोकेंदुखी, मग अनिवार झोंप. हलवून उठविलें तर रोगी जागा होई, विचारलेल्याचें उत्तर देई आणि बोलतां बोलतां पुन्हां झोंपीं जाई. पापण्या खालीं पडत, एका वस्तूच्या दोन दिसत. एकॉनोमोनें १९१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध करून त्याला निद्रालु मेंदूज्वर या अर्थाचें नांव दिलें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें क्रुशे नांवाच्या डॉक्टरानेंहि अशाच रोग्यांचें वर्णन केलें. पुढें ही साथ जगभर पसरली आणि १९२७ च्या सुमारास ओसरली. वांचलेल्यांपैकीं अनेकांना मागाहून हातपाय जखडून टाकणारा कंपवात झाला. या साथीचें कारण काय, विषाणु कीं आणखी कांहीं, याचा निर्णय शंभर वर्षांनंतरहि झालेला नाहीं. तरीहि एकॉनोमोचें वर्णन टिकून राहिलें. कारण त्यानें आधीं लिहून आलेल्या नांवावर विश्वास न ठेवतां समोरच्या माणसाकडे पाहिलें होतें.

दुसरें उदाहरण जपानचें. तेथें १८७० नंतरच्या दशकापासून उन्हाळ्याच्या शेवटीं मेंदूज्वराच्या साथी येत असत. १९२४ सालीं आलेल्या साथींत सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले व त्यांतील निम्म्याहून अधिक दगावले. व्हिएन्नाचा रोग व हा रोग एकच काय, असा प्रश्न त्या वेळीं निघाला. जपानी डॉक्टरांनीं दोहोंतील फरक टिपला. यांत झोंपेपेक्षां कडक ताप व आंचके अधिक. आणि साथ येते ती ठराविक ऋतूंत. म्हणून पहिल्याला 'ए' व दुसऱ्याला 'बी' प्रकार म्हणण्याची रीत पडली. १९३५ सालीं एका रोग्याच्या मेंदूंतून या दुसऱ्या रोगाचा विषाणु वेगळा काढण्यांत आला. १९३८ सालीं तोच विषाणु भातशेतीच्या पाण्यांत वाढणाऱ्या क्यूलेक्स जातीच्या डांसांत सांपडला. पुढें १९५० नंतरच्या दशकांत हेंहि उलगडलें कीं, विषाणूचें खरें बिऱ्हाड बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत व डुकरांत असतें आणि माणूस हा वाटेंत सांपडलेला प्रवासी. ज्यांना या विषाणूची बाधा होते त्यांपैकीं अडीचशांत सुमारें एकालाच मेंदूचा गंभीर विकार होतो. परंतु त्या एकाची गोष्ट मोठी करुण असते. अशा गंभीर रोग्यांपैकीं शंभरांत तीसपर्यंत दगावूं शकतात, आणि वांचलेल्यांपैकीं तीस ते पन्नास जणांना कायमचें वैगुण्य राहतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९५२ सालीं पुण्यास विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें; तेंच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था झालें. १९५२ सालच्याच रक्ततपासणींत नागपूर जिल्ह्यांतील लोकांच्या रक्तांत जपानी मेंदूज्वराच्या विषाणूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळलीं. शरीर एकदां ज्या शत्रूशीं लढलें, त्या लढाईची रक्तांत राहिलेली खूण म्हणजे हीं प्रतिद्रव्यें. याचा अर्थ, विषाणु आपल्या अंगणांत येऊन गेला होता. पण त्याला प्रत्यक्ष रोग्याच्या रूपानें कोणी पाहिलें नव्हतें. तें काम १९५५ सालीं मद्रास राज्यांत वेल्लोर येथें झालें. तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत उत्तर अर्काट जिल्ह्यांतून मुलें येत. ताप, आंचके, बेशुद्धि. वेब व परेरा या डॉक्टरांनीं या मुलांचीं लक्षणें बारकाईनें नोंदवून, हा डांसांसारख्या कीटकांच्या चाव्यानें पसरणारा विषाणुजन्य मेंदूज्वर असावा, असें १९५६ सालच्या आपल्या लेखांत मांडलें. त्या लेखाचा विषयच मुळीं रोग्याच्या खाटेपाशीं करावयाचें निदान हा होता. ज्यांना जवळ मोठें यंत्र नाहीं अशा डॉक्टरांना तो लेख आजहि शिकवून जाईल.

तिसरी गोष्ट नागपूरची, आणि ती प्रत्येक महाराष्ट्रीयानें ऐकण्यासारखी आहे. १९६५ सालीं नागपुरांत तापाची मोठी साथ आली होती. ती मुख्यतः चिकुनगुन्या व डेंग्यूची. पुण्याच्या केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांना दोन रोग्यांच्या रक्तांत एक निराळाच विषाणु सांपडला. चांदीपुरा या वस्तीवरून त्याला चांदीपुरा असें नांव मिळालें. हा विषाणु पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें होणाऱ्या रेबीजच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद; पण तो पसरतो वाळूमाशीच्या चाव्यानें. मातीच्या भिंतींच्या फटींत राहणारी ही माशी डांसाहूनहि लहान. सुरुवातीस त्याच्याकडे साध्या तापाचा विषाणु म्हणूनच पाहिलें गेलें, आणि त्याचें नांव बहुतेक कपाटांतच राहिलें. अडतीस वर्षांनीं, २००३ च्या जून ते ऑगस्टमध्यें, आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें मेंदूज्वरानें आजारी पडलीं व १८३ दगावलीं. तेव्हां पुण्याच्या संस्थेनें कारण शोधलें तें हा नागपूरचा विषाणु निघालें. त्या वर्षीं महाराष्ट्रांतहि त्यानें बळी घेतले. या मुलांचा आजार भयंकर वेगाचा होता. सकाळीं ताप, मग उलट्या, आंचके, बेशुद्धि. पुष्कळांचा मृत्यु रुग्णालयांत पोहोंचल्यापासून २४ तासांच्या आंत झाला. २०२४ च्या पावसाळ्यांत मुख्यतः गुजरातेंत मेंदूज्वराची अशीच साथ आली. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशांत २४५ रोगी व ८२ मृत्यु नोंदले गेले, आणि त्यांतील ६४ जणांत चांदीपुरा विषाणु निश्चित सांपडला. या विषाणूवर खास औषध वा लस अद्याप नाहीं. मग लवकर ओळखून उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग हा कीं, आंचके थांबविणें, श्वास मोकळा ठेवणें, रक्तांतील साखर सांभाळणें व मेंदूची सूज उतरविणें हीं कामें वेळेवर झालीं तर रोग्याला झुंजण्यास अवधि मिळतो. जेथें तासांचाच हिशेब आहे, तेथें वाटेंत गेलेला एक तासहि लहान नसतो.

येथवर मी खेड्यांच्या, शेतांच्या व साथींच्या गोष्टी सांगितल्या. शहरांत पंख्याखालीं बसून हें भाषण ऐकणाऱ्या कुटुंबांना वाटेल कीं, हा आपला प्रश्न नव्हे. म्हणून चौथी गोष्ट सांगतों. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक फोड उठतात, ते हर्पीस सिम्प्लेक्स नांवाच्या विषाणूमुळें. हा विषाणु असंख्य माणसांच्या शरीरांत निमूटपणें राहत असतो. क्वचित् तो मेंदूंत शिरतो. १९४१ सालीं एका तान्ह्या मुलाच्या मेंदूंतून तो अमेरिकेंत वेगळा काढला गेला. याला ऋतु लागत नाहीं, डांस लागत नाहीं, गरीब-श्रीमंत लागत नाहीं. पाश्चात्य देशांतील हिशेब दहा लाख लोकांमागें वर्षाला दोन ते चार रोगी असा आहे; म्हणजे एखाद्या घरच्या डॉक्टराला सबंध आयुष्यांत एखादाच रोगी भेटेल, किंवा भेटणारहि नाहीं. ओळख चुकण्याचें हेंच मोठें कारण आहे.

हा विषाणु मेंदूच्या कानाकडील भागावर विशेष घाला घालतो. तेथें स्मरण, भाषा व भावना यांचीं ठाणीं असतात. त्यामुळें कालपर्यंत नीट वागणारी व्यक्ति एकाएकीं विसराळू होते, शब्द चुकीचे वापरते, नसलेले वास येतात म्हणते, चिडते, भलतेंच वागते. ताप बेताचाच असूं शकतो. घरांतील मंडळी म्हणतात, कामाचा ताण झाला, मन बिघडलें, किंवा कोणी कांहीं केलें. कोणी मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेतात, कोणी देवाला नवस बोलतात. असे चार-सहा दिवस जातात, आणि तेच दिवस मोलाचे असतात.

मोलाचे असें म्हणण्याचें कारण इतिहासांत आहे. औषध नव्हतें तेव्हां या रोगानें शंभरांतील सुमारें सत्तर रोगी दगावत. अमेरिकेंतील एका औषधसंस्थेच्या प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत असायक्लोव्हिर हें द्रव्य तयार झालें. विषाणु ज्या पेशींत वाढतो तेथेंच हें द्रव्य मुख्यतः जागें होतें आणि त्याची वाढ रोखतें. त्या प्रयोगशाळेंतील संशोधिका गर्ट्रूड एलियन यांना औषधनिर्मितीच्या नव्या तत्त्वांबद्दल १९८८ सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. १९८४ सालीं स्वीडनमध्यें या औषधाची तुलना त्यापूर्वीच्या औषधाशीं करण्यांत आली. जुन्या औषधानें उपचार केलेल्यांपैकीं शेंकडा ५० दगावले, तर असायक्लोव्हिर दिलेल्यांपैकीं शेंकडा १९. दोन वर्षांनीं अमेरिकेंतील तुलनेंतहि असाच निष्कर्ष निघाला. मात्र औषध सुरू करतांना रोगी जितका शुद्धीवर असेल, तितकें फळ चांगलें; पूर्ण बेशुद्धीनंतर दिलेलें औषध प्राण वांचवील, परंतु हरपलेलें स्मरण परत आणीलच असें नाहीं. म्हणून मोठ्या रुग्णालयांत या रोगाचा बळकट संशय आला कीं, पाठीच्या कण्यांतील पाण्याच्या तपासणीचा निकाल लांबणार असेल तर त्याची वाट न पाहतां औषध सुरू करतात. तें सहा तासांच्या आंत मिळावें, असा ब्रिटिश तज्ज्ञांचा दंडक आहे. परंतु हे सहा तास रोगी रुग्णालयाच्या दारांत आल्यापासून मोजले जातात. घरांत गेलेले दिवस त्या हिशेबांत येत नाहींत.

पांचवी व शेवटची गोष्ट उत्तर प्रदेशाची. २००५ सालीं गोरखपूर व भोंवतालच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची प्रचंड साथ आली. ५७३७ रोगी व १३४४ मृत्यु. दुसऱ्याच वर्षापासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील मुलांना लस टोंचण्याची मोहीम सुरू झाली. त्याच २००६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा रोग्यांची नोंद करण्यासाठीं एक सोपी व्याख्या प्रचारांत आणली. कोणत्याहि वयाचा माणूस, वर्षाचा कोणताहि काळ. एकाएकीं आलेला ताप, आणि त्याबरोबर भानांत झालेला बदल किंवा नव्यानें आलेले आंचके. लहान मुलांना ताप चढतांना येणारा साधा झटका तेवढा वगळावा. या व्याख्येंत एकाहि यंत्राचें नांव नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका, फार काय आशाताई सुद्धां तिचा उपयोग करूं शकते. आमच्या आज्यांच्या "वात झाला" या दोन शब्दांना शास्त्रानें दिलेलें हें जणूं शिक्कामोर्तब होय.

परंतु गोरखपूरनें आणखी एक धडा दिला. लस आल्यानंतर जपानी मेंदूज्वर कमी झाला, तरी मेंदूज्वराचीं मुलें येतच राहिलीं. २०१४ नंतरच्या शोधांत असें आढळलें कीं, त्यांतील पुष्कळांना स्क्रब टायफस होता. हा रोग विषाणूचा नव्हे. गवतझुडपांतील सूक्ष्म गोचिडासारख्या किड्याच्या चाव्यानें तो होतो, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन या स्वस्त औषधांनीं वेळेवर बरा होतो. त्याचप्रमाणें बिहारांतील मुझफ्फरपूर येथें लिचीच्या हंगामांत मुलें पहांटे आंचके येऊन बेशुद्ध पडत. लोक त्याला चमकी ताप म्हणत. २०१४ सालीं तेथील दोन रुग्णालयांत आलेल्या ३९० मुलांची पद्धतशीर पाहणी झाली. त्यांतील १२२ दगावलीं होतीं. अनेकांना ताप मुळींच नव्हता. रक्तांतील साखर मात्र अतिशय उतरलेली होती. रात्रीं न जेवतां झोंपणें व लिचींतील एक विषारी द्रव्य यांचा तो परिणाम असल्याचें १९१७ मध्यें नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. बोटाच्या टोंकांतून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबानें तें दुखणें ओळखतां येतें. मेंदूचा हिंवतापहि असाच ओळखून बरा करतां येण्याजोगा आहे. जंतूंमुळें आवरणांना आलेली सूजहि तशीच. म्हणून पहिल्या डॉक्टराचें काम कोणता विषाणु हें ठरविणें नव्हे. हा साधा ताप नाहीं एवढें ओळखणें, साखर व हिंवताप तेथेंच तपासणें, जें तांतडीचें तें करणें आणि रोग्याला योग्य ठिकाणीं पोहोंचविणें, हें त्याचें काम.

मग घरच्या माणसांचें काम कोणतें? पांच गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ताप असलेला माणूस नेहमींप्रमाणें ओळखतो काय? त्याचें बोलणें सुसंगत आहे काय? तो नेहमींपेक्षां फार झोंपाळू, किंवा विनाकारण चिडका व विचित्र झाला आहे काय? त्याला आंचके आले काय? त्याचा एखादा हात, पाय वा चेहऱ्याची बाजू लुळी वाटते काय? तान्हें मूल असेल तर तें अंगावर पिणें सोडतें, एकसारखें किंकाळी फोडून रडतें, वा उलट अगदीं मलूल पडतें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाला ताप चढतांना थोड्या मिनिटांचा झटका येऊन तें लौकरच पूर्ववत् हंसूंखेळूं लागलें, तर तो बहुधा साधा. तरीहि डॉक्टरला दाखवावें. झटका पांच मिनिटांहून लांबला, पुन्हां आला, किंवा नंतर मूल शुद्धीवर येईना, तर क्षणभरहि थांबूं नये. आंचके येत असतां रोग्याला कुशीवर वळवावें. तोंडांत चमचा, कांदा, पाणी कांहीं घालूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आणि डॉक्टरांजवळ गेल्यावर केवळ "ताप आहे" असें सांगून थांबूं नये. "हा कालपासून मला ओळखत नाहीं," "हिला पांच मिनिटांपूर्वींचें आठवत नाहीं," असें स्पष्ट सांगावें. डॉक्टर त्या माणसाला त्या दिवशीं प्रथम पाहत असतात. तो एरव्हीं कसा असतो, हें घरच्यांनाच ठाऊक. गर्दीच्या दवाखान्यांत रोगी डुलक्या घेत बसला तर तो दमलेला वाटतो. तो दमलेला नाहीं, बदललेला आहे, हें सांगणारा माणूस त्याच्याबरोबरच आलेला असतो. त्यानें भीड धरूं नये. आणि ऐकणाऱ्यानें "आईचा जीव घाबरा" म्हणून तें बाजूला सारूं नये.

त्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. भाऊ त्याला शेतावर घेऊन जातो, गुरें राखण्यास तो मदत करतो. मागें गांवीं गेलों होतों तेव्हां मला पाहून हंसला. नांव आठवलें नाहीं. पण मी त्याचा कोणीतरी, एवढें त्याला कळलें. मीं त्याच्या आईला विचारलें, "माई, त्या दिवशीची आठवण होते का?" ती म्हणाली, "होते की, गुरुजी. त्यानं 'तू कोण' म्हटलं, तेव्हाच निघायला पाहिजे होतं."

या शंभर वर्षांच्या इतिहासाचें सार त्या माउलीनें एका वाक्यांत सांगितलें. त्याहून अधिक कांहीं सांगण्यासारखें माझ्याजवळ नाहीं. ज्या घरांत आज कोणी तापानें पडलें असेल, त्या घरांतील मंडळींनीं कपाळावर हात ठेवावाच. पण त्याबरोबर त्याला नांवानें हांकहि मारावी, आणि उत्तर काय येतें तें कान देऊन ऐकावें.